तान्ह्याचे कान

या महिन्याचे सदर एकाच पत्राच्या उत्तरास द्यावे असे आम्ही ठरविले आहे. पत्र गोराईहून आले आहे. गोराई म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे बोरिवलीच्या बाजूस असलेल्या म्हाडाच्या वसाहती येतात; परंतु लिहिणाऱ्या भगिनी पतीच्या नोकरीनिमित्त खाडीपलीकडच्या मूळ गावात राहतात. त्यांचे पहिले मूल आता अडीच महिन्यांचे आहे. प्रसूती बोरिवलीस झाली. घरी सोडण्यापूर्वी तेथील परिचारिकेने बाळाच्या कानांत एक इवलीशी मऊ बोंडी घालून काही यंत्र लावले, आणि कागदावर लिहून दिले की, दोन्ही कानांचा निकाल समाधानकारक नाही, सहा आठवड्यांच्या आत पुन्हा आणावे. पुढे पाऊस लागला, बोटीचा भरवसा राहिला नाही, उत्तन-भाईंदरवरून मोटारीने जावे तर सगळा दिवस मोडतो. आणि मुख्य म्हणजे घरातील वडील मंडळींस त्याची आवश्यकताच वाटेना. बाळ कुकरच्या शिट्टीने दचकते, मांडीवर घेतले की हुंकार देते. घराण्यात बहिरे कोणी नाही. त्यास कावीळ झाली नाही, काचेच्या पेटीत ठेवावे लागले नाही. मग हा खटाटोप कशासाठी, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्र संपता संपता मात्र एक ओळ अशी आहे: ‘मी समोर असले म्हणजे ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघते, पण मागून कितीही हाका मारल्या तरी त्याला त्याचे काही नसते.’

ही शेवटची ओळ नसती तरी आमचे उत्तर तेच राहिले असते: याच आठवड्यात जावे. परंतु ‘जावे’ एवढे सांगून घरातील वडिलांचे समाधान होत नाही, हे आम्ही जाणतो. त्यांच्या शंका अडाणीपणाच्या नाहीत. शहरातील सुशिक्षित घरांतूनही त्याच ऐकू येतात. म्हणून त्या एकेक घेणे बरे.

आपल्या घरांत तान्ह्याच्या कानांची हयगय होते असे कोणी म्हणणार नाही. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. त्याच सुमारास शुभ दिवस पाहून कान टोचतात, सोन्याची तार घालतात. न्हाऊ घालणारी बाई रोज कोमट तेलाचे थेंब सोडते (हे मात्र करू नये, निरोगी कानास बाहेरून काही घालण्याची गरज नसते, आणि न उकळलेल्या तेलाने कानाच्या नळीत दाह होतो). कानाचे इतके कौतुक होत असता त्या कानास ऐकू येते की नाही एवढेच पाहावयाचे राहते. पुढे मूल दोन वर्षांचे होते, तरी बोलत नाही. मग कोणी सांगते, याचे आजोबाही उशिरा बोलू लागले. कोणी म्हणते, मुलगे उशिराच बोलतात. अशा रीतीने आणखी एक वर्ष निघून जाते. कानात तेल घालून निजणे म्हणतात ते हेच, फक्त निजते बाळ नव्हे, घर.

आता कुकरच्या शिट्टीविषयी. पूर्वी मूल जन्मले की कोठे कोठे थाळी वाजवीत. आज टाळी वाजवितात, चाव्यांचा जुडगा हलवितात. या परीक्षांनी फसवणूक होते ती अशी. मोठ्या आवाजाबरोबर वाऱ्याची झुळूक येते, पाळणा हलतो, टाळी वाजविणाऱ्याची सावली बाळाच्या डोळ्यांवरून जाते. मूल दचकते ते त्यामुळे. दुसरे असे की, पूर्ण बहिरेपण हे बहिरेपणाच्या अनेक प्रकारांपैकी एक आहे. पुष्कळ मुलांस काही ऐकू येते आणि काही येत नाही. कुकरची शिट्टी फार मोठी असते. आपल्या बोलण्यातील ‘आ’, ‘ओ’ हे स्वरही बरेच भरदार असतात. परंतु ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ ही व्यंजने अतिशय हलकी आणि बारीक सुराची. ज्या मुलाचे उंच सुराचे ऐकणे गेले आहे, त्यास ‘सात’ आणि ‘हात’ यांतील भेद कळत नाही. त्याच्या कानी दोहोंतील ‘आ’ तेवढा पोहोचतो. असे मूल दार वाजले की मान वळविते, आणि घरातील सर्वजण निश्चिंत राहतात.

हुंकाराचेही तेच. जन्मतः बहिरे मूलसुद्धा पहिले पाच-सहा महिने इतर मुलांसारखेच हुंकारते, खिदळते, रडते. कारण तो कंठाचा खेळ आहे. त्यास कानाची मदत लागत नाही. पुढे ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ लावण्याची वेळ येते, तेथे मात्र आपलेच बोलणे आपल्या कानी पडावे लागते. तेथे हे मूल हळूहळू मागे राहते, गप्प होत जाते. याचा अर्थ असा की, घरच्या माणसांस पहिला निश्चित संशय येण्याच्या वेळेपर्यंत सहा-आठ महिने गेलेले असतात. आणि तेच महिने मोलाचे.

का मोलाचे, हे थोडे विस्ताराने सांगतो. गर्भाच्या अंतःकर्णाची रचना मातेच्या पोटातच पुरी होते, आणि गर्भावस्थेच्या उत्तरार्धात मूल ऐकू लागते. 1980 साली अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, तीन दिवसांच्याही आतले अर्भक परक्या बाईच्या आवाजाहून आपल्या आईचा आवाज पसंत करते. सुभद्रेच्या पोटी अभिमन्यूने चक्रव्यूह ऐकला की नाही हा प्रश्न आम्ही पुराणिकांवर सोपवितो. पण आईचा आवाज त्याने खचित ऐकला असेल. म्हणजे ऐकणारे मूल जन्मते तेच दोन-तीन महिन्यांचा अभ्यास करून. बहिरे मूल तेथेच मागे राहिलेले असते. मेंदूतील ध्वनीचे भाग ध्वनी मिळाला तरच घडत जातात. न मिळाला तर ते अन्य कामांकडे वळतात, आणि पुढे उत्तम यंत्र दिले तरी त्याचा उपयोग उणा पडतो. 1998 साली ख्रिस्टीन योशिनागा-इटानो या विदुषीने अमेरिकेतील कोलोरॅडो प्रांतातील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे बहिरेपण सहा महिन्यांच्या आत उमगले आणि ज्यांना लगेच साहाय्य मिळाले, त्यांची भाषा नंतर उमगलेल्या मुलांहून स्पष्टपणे पुढे होती. मग बहिरेपण थोडे असो वा फार. तेव्हापासून जगभर वैद्यांनी एक हिशेब मान्य केला आहे: एक महिन्याच्या आत प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान, सहा महिन्यांच्या आत उपाययोजना. आमच्या भगिनींचे बाळ अडीच महिन्यांचे आहे. हिशेबातील दुसरी मुदत अजून टळलेली नाही, पण टळावयास आली आहे.

यानंतर घराण्यात कोणी नाही, कावीळ नाही, पेटी नाही, हा आक्षेप येतो. हा सगळ्यांत सयुक्तिक, आणि म्हणूनच सगळ्यांत अधिक फसवा आहे. बहिरेपणाची जोखीम वाढविणारी कारणे खरोखरच आहेत, आणि ती गृहिणींनी माहीत करून घ्यावी अशीच आहेत. घरात कोणास बाळपणापासून बहिरेपण असणे. अर्भक पाच दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता कक्षात राहिलेले असणे. वजन दीड किलोच्या आत असणे. जन्मतःच श्वास कोंडणे. रक्त बदलण्याची पाळी यावी इतकी तीव्र कावीळ होणे (नुसत्या प्रकाशोपचाराने उतरणाऱ्या साध्या कावीळीची भीती बाळगू नये). जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे बरेच दिवस टोचावी लागणे. मेंदूच्या आवरणाचा दाह. कानाच्या पाळीची, टाळूची किंवा चेहऱ्याची जन्मजात विकृती. गरोदरपणी आईस झालेले काही संसर्गही यात येतात. त्यांतील रुबेलाची हकीकत प्रसिद्ध आहे. 1941 साली ऑस्ट्रेलियातील नॉर्मन ग्रेग या नेत्रवैद्याच्या ध्यानात आले की, मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बालकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी हा क्षुल्लक वाटणारा पुरळ येऊन गेला होता. यांतील कित्येक मुले बहिरीही आहेत, हे लवकरच कळले. आपल्या महाराष्ट्रात 2018 साली गोवर-रुबेलाच्या लसीची मोठी मोहीम झाली, ती याच अनर्थाच्या निवारणासाठी. ज्या तरुण स्त्रियांस ही लस मिळालेली नाही, त्यांनी गर्भधारणेपूर्वीच वैद्यास विचारून ती घ्यावी. गरोदर असता घेता येत नाही. दुसरा संसर्ग सायटोमेगालो विषाणूचा. हा लहान मुलांच्या लाळेतून पसरतो. म्हणून घरात थोरले मूल असलेल्या गर्भवतीने त्याचे उष्टे खाऊ नये, त्याचा चमचा आपल्या तोंडात घालू नये, लंगोट बदलल्यावर हात धुवावे. उष्ट्याचा विधिनिषेध आपल्या आज्यांनी पुष्कळ पाळला. आया मात्र मुलाच्या ताटातले उरलेले प्रेमाने संपवीत आल्या.

नात्यातील विवाहांविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. देशस्थांतील पुष्कळ घराण्यांत मामाची मुलगी करण्याची चाल होती, कोकणस्थांनी ती निषिद्ध मानली. यावरून उभयपक्षी बरेच टोमणे झाले आहेत. जन्मजात बहिरेपणाचा मोठा भाग आनुवंशिक असतो, आणि त्यातील बहुतेक अशा प्रकारचा की, दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मुलात प्रकट होतो. आईबाप स्वतः नीट ऐकतात; पण दोघेही दोष वाहणारे असले तर प्रत्येक खेपेस चारांत एक अशी शक्यता असते. जवळच्या नात्यात दोघांपाशी एकच दोष असण्याचा संभव वाढतो, हे उघड आहे. परंतु सगोत्र टाळले म्हणजे भागले, ही समजूतही खरी नाही. गोत्र बापाकडून येते, रक्त दोघांकडून. एका लहान पोटजातीतच पिढ्यान्पिढ्या सोयरिकी होत राहिल्या तर गोत्रे कितीही वेगळी असोत, असे दोष पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात. अशा बहिरेपणास वारंवार कारण होणारे कनेक्सिन-26 नावाचे जनुक 1997 साली ओळखले गेले. आपल्या देशातील कर्णबधिर मुलांतही त्यातील दोष आढळतात. म्हणून ‘घराण्यात कोणी नाही’ हे वाक्य काहीच सिद्ध करीत नाही. कर्णबधिर मुलांपैकी शंभरांत नव्वदांहून अधिक मुलांचे आईबाप ऐकणारेच असतात.

पाश्चात्य देशांनीही प्रथम आपल्या या भगिनींच्या घरच्यांसारखाच विचार केला होता. अमेरिकेत 1969 साली यासाठी वैद्यांची संयुक्त समिती बसली. तिने जोखमीच्या कारणांची यादी केली, आणि त्या यादीतील मुलेच तेवढी तपासावी असे ठरले. अनुभव असा आला की, जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी मुले यादीत बसतच नव्हती. धडधाकट, गुटगुटीत, वेळेवर जन्मलेली, घराण्यात कोणी बहिरे नसलेली! अखेर 1993 साली तेथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने बोलाविलेल्या परिषदेने सगळ्याच नवजातांची तपासणी करावी असा अभिप्राय दिला. अतिदक्षता कक्षातील मुलांत हा दोष शंभरांत दोन-चार इतका, तर निरोगी मुलांत हजारांत एक-दोन इतका आढळतो. हजारी एक म्हणजे थोडे, असे ज्यांस वाटते त्यांनी मुंबईत वर्षाला किती पाळणे हलतात याचा विचार करावा. आणि त्या यादीत एक कारण असे आहे की, ते ऐकून आमच्या भगिनींस नवल वाटेल: ‘मुलास ऐकू येत नसावे असा आईस किंवा सांभाळणाऱ्यास संशय येणे’. अडीच महिन्यांच्या मुलाने मागून येणाऱ्या हाकेकडे मान वळविली नाही यावरून काहीच ठरत नाही. मान वळविण्याचे वय चार-सहा महिन्यांचे. परंतु आईच्या मनातील खुटखुटीला वैद्यकशास्त्राने स्वतंत्र कारणाचे स्थान दिले आहे. घरच्या वडिलांनीही द्यावे.

यंत्राविषयी चार शब्द. आपल्या अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते, आणि तिच्यात सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. 1948 साली थॉमस गोल्ड या शास्त्रज्ञाने असा तर्क केला की, कान ध्वनी केवळ झेलीत नाही, तो स्वतःही हालचाल करतो, आणि म्हणून कानातूनच बारीक ध्वनी बाहेर पडला पाहिजे. तो टिपणारी साधने तेव्हा नव्हती. तीस वर्षांनी, 1978 साली, लंडन येथे डेव्हिड केम्प यांनी तो ध्वनी प्रत्यक्ष पकडला. परिचारिकेने घातलेली बोंडी तेच करते: कानात हलका टकटक आवाज सोडते आणि कानाने दिलेली ओ ऐकते. यास ओ.ए.ई. म्हणतात. सुई नाही, औषध नाही, निजलेल्या मुलास कळतही नाही. मात्र कानाने ओ दिली तरी मज्जातंतूंतून ती मेंदूपर्यंत गेली की नाही, हे या परीक्षेने कळत नाही. त्यासाठी डोक्यास चिकटपट्ट्या लावून मेंदूकडे जाणारे विद्युत्तरंग मोजतात. ती ‘बेरा’ परीक्षा. अतिदक्षता कक्षात राहिलेल्या मुलांची ही दुसरी परीक्षा अवश्य करून घ्यावी.

आता कागदावरील त्या ‘समाधानकारक नाही’ या शब्दांचा खरा अर्थ सांगतो, कारण त्याने कित्येक आयांच्या तोंडचे पाणी पळते. जन्मानंतर पहिले एक-दोन दिवस कानाच्या नळीत गर्भजल आणि चिकट मळ भरलेला असतो. तेवढ्यानेही परीक्षा फसते. पहिल्या खेपेस परत बोलाविलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुले दुसऱ्या खेपेस निर्दोष ठरतात. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण येथेच मेख आहे. बहुतेक मुले निर्दोष निघतात हे ऐकून लोक दुसऱ्या खेपेस जातच नाहीत, आणि ज्या थोड्यांसाठी सगळा खटाटोप मांडला ती नेमकी हातची जातात. पहिल्या परीक्षेने कोणाचेही निदान होत नाही. ती केवळ चाळणी आहे. चाळून झाल्यावर चाळणीत काय राहिले हे न पाहताच ती खुंटीला टांगावी, तसे हे होते. खाडी आडवी असली म्हणजे तर सबब तयारच असते.

ही अडचण गोराईचीच आहे असे नाही. केरळात कोची येथे 2003 सालापासून बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने डॉ. अब्राहम पॉल यांच्या पुढाकाराने एक सोपी युक्ती केली. प्रत्येक लहान प्रसूतिगृहास यंत्र घेणे परवडत नाही. तेव्हा एकच यंत्र आणि एक शिकविलेला तपासनीस आळीपाळीने सगळीकडे फिरवावा. पहिली तपासणी हुकली किंवा फसली तर दुसरी, बाळ सहा आठवड्यांच्या लसीसाठी येते त्याच वेळी करावी. त्यांनी सुमारे दशकभरात एक लाखाहून अधिक अर्भके तपासली, आणि हजारी दीडाच्या आसपास मुलांत कायमचा दोष आढळला. लसीच्या दिवशीच कान तपासावे ही गोष्ट आम्हांस फार शहाणपणाची वाटते. लसीसाठी आई वादळातूनही खाडी ओलांडते. कानासाठी वेगळी खेप मागितली की ती राहून जाते. आमच्या महानगरपालिकेने आणि उपनगरांतील प्रसूतिगृहे चालविणाऱ्यांनी हे मनावर घेतले तर त्यांस नवे काही शोधून काढावयाचे नाही.

सरकारी पातळीवर प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम 2006-07 सालापासून सुरू आहे. 2013 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ झाला तो आपल्याच किनाऱ्यावर, पालघर येथे, आणि त्याच्या रोगयादीत जन्मजात बहिरेपण आहे. मुंबईकरांची तर सोय अधिकच. वांद्रे रेक्लमेशन येथे 1983 च्या ऑगस्टमध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था निदान, श्रवणयंत्रे, वाचोपचार आणि पालकांचे शिक्षण हे सगळे एका जागी करते. बोरिवलीकर ज्या द्रुतगती मार्गाने रोज दक्षिणेस जातात त्यालाही महाराष्ट्राच्या याच माजी राज्यपालांचे नाव आहे. त्यांच्या नावाची संस्था मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

आणि समजा, दोष निघालाच, तर? हा प्रश्न पत्रात नाही, पण तो ओळींमध्ये आहे. मुंबईत बहिऱ्या-मुक्यांची पहिली शाळा 1885 साली निघाली, तेव्हा मुलास आणावयाचे ते सात-आठ वर्षांचे झाल्यावर, भाषेची वेळ उलटून गेल्यावर. आज तीन महिन्यांच्या अर्भकास श्रवणयंत्र लावता येते. त्याने भागत नसेल तर वर्षाच्या सुमारास कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करता येते, आणि गरजू कुटुंबांस त्यासाठी सरकारी साहाय्यही मिळते. यंत्र लावले की मूल बोलू लागते असे मात्र नाही. पुढे दोन-तीन वर्षे आईने, आजीने, बापानेही त्याच्याशी रोज समोर बसून बोलावे लागते. ज्यांस यंत्राचा उपयोग होत नाही त्यांच्यासाठी खुणांची भाषा आहे. ती भाषाच आहे, तिची लाज वाटण्याचे कारण नाही. मूल भाषेवाचून राहू नये, मग ती जिभेची असो वा हातांची. ‘मुका’ हा शब्द आम्ही या सदरात वापरीत नाही, कारण बहुधा या मुलांच्या कंठात दोष नसतोच. त्यांस मुके करतो तो आपला उशीर. श्रवणयंत्र चारचौघांत दिसू नये म्हणून, आणि मुलगी असल्यास पुढे लग्नास अडचण येईल म्हणून, ते समारंभात काढून ठेवणारी चांगली शिकलेली घरे आम्ही पाहिली आहेत. चष्मा कोणी काढून ठेवीत नाही.

दुसऱ्या खेपेस निकाल चांगला आला तरीही वर्षभर लक्ष ठेवावे. काही संसर्गांचा आणि काही आनुवंशिक दोषांचा परिणाम उशिरा दिसतो. सहा महिन्यांस आवाजाकडे मान वळविणे, दहाव्या महिन्यापर्यंत अक्षरांची माळ, वर्षाला एखादा अर्थपूर्ण शब्द, एवढे धरून चालावे.

आमच्या भगिनींस जाण्यापुरत्या दोन सूचना. रुग्णालयाचा तो कागद आणि लसीचे कार्ड बरोबर न्यावे; बेरा परीक्षा त्याच दिवशी होईल का, हे आदल्या दिवशी दूरध्वनीवरून विचारून ठेवावे. बाळास सर्दी असल्यास तसे आधी सांगावे. आणि बोटीत त्यास झोपू देऊ नये. वारा लागला की मुले हटकून डोळे मिटतात. पण त्यास खेळवीत, जागे ठेवून न्यावे, आणि तेथे पोहोचल्यावर पोटभर पाजावे. परीक्षेच्या वेळी मूल गाढ झोपलेले असले म्हणजे काम लवकर आटोपते, आणि शेवटच्या बोटीची घाई होत नाही.